सत्तरीचा हातचा

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील जंगलाला वैशाखात एक निराळीच घाई लागते. हिवाळा ओसरताना खुटकटाई केलेल्या टेंभुर्णीच्या झुडपांना नवी पालवी फुटते, ती रुंद आणि लवचीक होते, आणि अवघ्या काही दिवसांच्या हंगामात ती खुडून घ्यावी लागते. पहाटेच्या अंधारात घरातील स्त्री-पुरुष रानात जातात, उन्हाचा ताप वाढण्यापूर्वी पानांचे भारे घेऊन परततात आणि दुपारभर ओसरीच्या सावलीत बसून पाने जुळवीत पुडे बांधतात. सायंकाळी ते पुडे फळीवर नेले जातात. तेथे मोजणी होते, दिवाणजी वहीत आकडा मांडतो, पाने उन्हात वाळत घातली जातात आणि पुढे बोदभराई होऊन तेंदूपत्ता विडी कारखान्यांच्या गावांकडे रवाना होतो.

या व्यवहारातील पानांविषयी, मजुरीविषयी आणि लिलावाविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यातील अंकगणिताकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक जगातील बहुतेक सर्व व्यापार आज दहाच्या पायावर मोजला जात असताना, या अरण्यभागातील हजारो घरे दर उन्हाळ्यात एका अगदी आगळ्या पायावर संख्या लिहीत असतात. तो पाया आहे सत्तर.

महाराष्ट्रात तेंदूच्या एका पुड्यात ७० पाने धरली जातात. असे १०० पुडे झाले की एक शेकडा, आणि १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने. संकलनाची मजुरी शेकड्यावर ठरते, विक्रीचा भाव गोणीवर ठरतो. परंतु हाताला लागते ते सुटे पान. सर्वांत खालच्या घरात पान, त्यावर सत्तरांचा पुडा, त्यावर शंभरांचा शेकडा, त्यावर दहांची गोणी. गणिती भाषेत या रचनेस मिश्र पायाची पद्धती म्हणतात. घड्याळातील तास, मिनिटे आणि सेकंद ही अशीच एक पद्धती होय. आणि ज्या पिढीने रुपये, आणे, पै या तीन रकान्यांत आयुष्यभर जमाखर्च मांडला, तिला तर ती मुळीच अपरिचित नव्हती.

एकच ढीग, निराळे लेखन

संख्या आणि तिचे लेखन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सत्य पाठ्यपुस्तकात वाचून जितके पटत नाही तितके सीमेवरच्या बाजारात पटते. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वेस छत्तीसगड आहे आणि सिरोंच्याकडून नदी ओलांडली की तेलंगण लागते. या दोन्ही राज्यांत, आणि मध्य प्रदेशातही, पुडा ५० पानांचा धरतात. १००० पुड्यांची प्रमाण गोणी तेथे ५०,००० पानांची होते. ओडिशात तर मोजणी २० पानांच्या ‘केरी’वर चालते.

आता १,००,००० पानांचा एक ढीग घेतला, तर नदीपलीकडचा हिशेबनीस त्यास नेमक्या २ गोण्या म्हणेल. अलीकडचा हिशेबनीस मात्र १ गोणी, ४ शेकडा, २८ पुडे आणि ४० पाने असे लिहील. ढिगातील एक पानही हलले नाही. परंतु एका वहीत ती संख्या गोल दिसते आणि दुसऱ्या वहीत तुटक. संख्येचा गोलपणा हा बहुधा संख्येचा गुण नसून लेखनाचा गुण असतो, हे यावरून ध्यानी येते.

याचा व्यापारी अर्थही तेवढाच स्पष्ट आहे. समजा, पलीकडे गोणीचा भाव ५,००० रुपये निघाला आणि अलीकडे ६,५०० रुपये. वरवर पाहता अलीकडचा भाव चढा वाटतो. प्रत्यक्षात ५०,००० पानांना ५,००० रुपये म्हणजे ७०,००० पानांना ७,००० रुपये होतात; तेव्हा अलीकडच्या विक्रेत्यास गोणीमागे ५०० रुपये कमीच मिळाले. ‘गोणी’ हा शब्द समान असला तरी त्यामागचा पाया समान नाही. भावाची तुलना करण्यापूर्वी पाया विचारावा, हा धडा तेंदूपुरताच मर्यादित नाही. जुन्या काळी गावागावांतील पायली आणि मण निरनिराळे असत, तेव्हा कोणताही जाणता व्यापारी भावाआधी माप विचारीत असे.

हातचा कितीवर घ्यावा

एका कुटुंबाने तीन दिवसांत पुढीलप्रमाणे पाने आणली असे समजू. पहिल्या दिवशी ११२ पुडे व ४६ सुटी पाने, दुसऱ्या दिवशी ९७ पुडे व ५८ पाने, तिसऱ्या दिवशी १३० पुडे व ३६ पाने. सुट्या पानांची बेरीज १४० झाली. सत्तराच्या हिशेबात १४० म्हणजे २ पुडे पूर्ण आणि शिल्लक शून्य. हातचे २ घेऊन पुड्यांची बेरीज ३४१ होते. म्हणजे ३ शेकडा आणि ४१ पुडे.

परंतु शाळेपासून दहाच्या पायाची सवय जडलेला हात येथे सहज घसरतो. १४० दिसताच तो ४० खाली मांडतो आणि १ हातचा घेतो. बेरीज ३४० पुडे व ४० पाने अशी निघते. कुटुंबाची ३० पाने कोणाच्याही मनात कपट नसताना नाहीशी झाली! दिवसाच्या एका ओळीत ही चूक क्षुल्लक दिसते. गावातील शंभर घरांच्या आणि पंधरा दिवसांच्या वहीत ती क्षुल्लक राहत नाही.

पुड्याच्या आत होणारी चूक तर याहून महाग पडते. बांधताना पुड्यात ७० ऐवजी ७२ पाने पडत गेली, तर १००० पुड्यांत ७२,००० पाने जातात. त्या पानांचे योग्य रीतीने १०२८ पुडे झाले असते आणि वर ४० पाने उरली असती. शेकड्यास ४०० रुपये असा दर केवळ उदाहरणादाखल धरला, तरी १००० पुड्यांमागे ११२ रुपयांहून अधिक मजुरी रानातच राहिली. उलट पुडा ६८ पानांचा बांधला गेला, तर तेवढेच नुकसान घेणाऱ्याचे होते. सर्वांत खालच्या घरातील दोन एककांची उणीव-अधिकता वरच्या घरांत पोहोचेपर्यंत कशी फुगते, याचे हे उदाहरण आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे देताना-घेताना माप कमीजास्त करणे याची गणना केली गेली, ती व्यापाराच्या अशाच सूक्ष्म जागा ओळखून. मापातील दोष जाणूनबुजून झाला तर ते पाप. न कळत झाला तर त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे ताळा.

नवाचा ताळा आणि एकुणसत्तरीचा ताळा

पेढीवर वाढलेल्या मुलास नवाचा ताळा शिकवावा लागत नसे. संख्येतील अंकांची बेरीज करावी, तीतून नऊ-नऊ वगळावेत, जे उरेल तो त्या संख्येचा ताळा. मांडलेल्या रकमांच्या ताळ्यांची बेरीज आणि उत्तराचा ताळा जुळला नाही, तर बेरीज खास चुकली. याचे कारण साधे आहे. दहा म्हणजे नऊ अधिक एक. शंभर म्हणजे नव्याण्णव अधिक एक. म्हणून दशकाच्या घरातील प्रत्येक एक नऊ वगळताच सुटा एक उरतो, आणि शतकाच्या घरातीलही तसाच. अंकांची बेरीज करणे म्हणजे गुपचूप नऊ-नऊ वगळत जाणेच होय.

येथे नऊ या अंकात कोणताही चमत्कार नाही. चमत्कार असलाच तर तो ‘पायाहून एक कमी’ या नात्यात आहे. पाया दहा असेल तर ताळा नवाचा; पाया सोळा असेल तर पंधराचा; आणि पाया सत्तर असेल तर एकुणसत्तरीचा. एक पुडा म्हणजे ६९ पाने अधिक १ पान. म्हणून पुड्यांचा आकडा आणि सुट्या पानांचा आकडा सरळ एकमेकांत मिळवावा आणि त्यातून ६९ जितक्या वेळा वगळता येतील तितक्या वेळा वगळावेत.

वरच्याच उदाहरणात पहिल्या दिवसाचे ११२ आणि ४६ मिळून १५८. त्यातून १३८ वगळता २० उरतात. दुसऱ्या दिवसाचे ९७ आणि ५८ मिळून १५५, उरले १७. तिसऱ्या दिवसाचे १३० आणि ३६ मिळून १६६, उरले २८. तिन्ही ताळ्यांची बेरीज ६५. आता बरोबर उत्तर, ३४१ पुडे व शून्य पाने. ३४१ मधून २७६ वगळता ६५ उरतात. ताळा जुळला. चुकीचे उत्तर होते ३४० पुडे व ४० पाने. त्यांची बेरीज ३८०, आणि ३४५ वगळता उरतात ३५. ताळा जुळत नाही. कागदाच्या कोपऱ्यात अर्ध्या मिनिटात होणाऱ्या या कृतीने ती ३० पाने परत मिळतात.

ताळ्यास एक मर्यादा आहे, आणि तीही अनुभवी मुनीम जाणून असत. अंकांची अदलाबदल झाली, तर बेरीज बदलत नाही आणि ताळा मूक राहतो. परंतु अशा वेळी रोकड जुळवताना पडणारा फरक बोलका असतो. ५,४२० च्या जागी ५,२४० लिहिले गेले, तर फरक १८०, म्हणजे नवाची वीस पट. फरकास नऊने निःशेष भाग जातो असे दिसले की जुने मुनीम प्रथम उलटे पडलेले अंक शोधीत. आणे-रुपयांच्या काळात ५ रुपये ३ आण्यांऐवजी ३ रुपये ५ आणे लिहिले गेले, तर फरक ३० आण्यांचा, पंधराची दुप्पट. तेंदूच्या वहीत १२ पुडे ५ पाने यांऐवजी ५ पुडे १२ पाने पडले, तर ८४५ पानांच्या जागी ३६२ पाने झाली; फरक ४८३, आणि तो ६९ ची बरोबर सात पट आहे. नियम एकच, पाया बदलला की त्याचा वेष बदलतो.

सोळा आण्यांची गोष्ट

ज्या घरांत आजही आजोबांच्या चोपड्या जपून ठेवलेल्या आहेत, त्या घरांतील मुलांनी त्यातील एखादे पान अवश्य उघडून पाहावे. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया १६ आण्यांचा, आणा ४ पैशांचा आणि पैसा ३ पैंचा होता. रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. वजनात १६ छटाकांचा शेर, ४० शेरांचा मण आणि २० मणांची खंडी. आज या रचनेस गुंतागुंतीची म्हणून हसण्याची प्रथा आहे. पण तिच्या मागे एक विचार होता.

रुपयाचे अर्धे करा, पुन्हा अर्धे करा, पुन्हा अर्धे करा. आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा, दोन पैसे, एक पैसा. सहा वेळा निम्मे करूनही अपूर्णांक उद्भवत नाही. धवला टीकेचे कर्ते आचार्य वीरसेन यांनी या कल्पनेस शास्त्रीय नाव दिलेले आढळते. एखादी राशी जितक्या वेळा निम्मी करता येते, त्या वेळांची संख्या म्हणजे त्या राशीचे ‘अर्धच्छेद’. १६ चे अर्धच्छेद चार, ६४ चे सहा. तीन-तीन भाग करीत जाण्यास ‘त्रिकच्छेद’ आणि चार-चार भाग करीत जाण्यास ‘चतुर्थच्छेद’ असे शब्द त्यांनी योजले. ६४ चे चतुर्थच्छेद तीन, २७ चे त्रिकच्छेद तीन. आजच्या गणितात ज्यास दोन, तीन आणि चार या पायांचे लॉगरिदम म्हणतात, त्याच या कल्पना आहेत. संगणकाची द्विमान पद्धतीही याच निम्मे करण्याच्या क्रियेवर उभी आहे: ६४ ही संख्या द्विमान पद्धतीत एकावर सहा शून्ये देऊन लिहितात, आणि ती शून्ये म्हणजे तिचे अर्धच्छेदच. संगणकाच्या कामात सर्रास वापरली जाणारी षोडशमान पद्धती तर सोळा आण्यांच्या रुपयाचीच धाकटी बहीण.

अर्धच्छेदाच्या कसोटीवर तेंदूचा पुडा मात्र लवकर थकतो. ७० निम्मे केले की ३५, आणि तेथेच थांबावे लागते. त्याच्या अंगी निराळे सामर्थ्य आहे. सत्तर म्हणजे दोन, पाच आणि सात यांचा गुणाकार. म्हणून पुड्याचा सातवा हिस्सा नेमका १० पाने. दहाच्या पायावर हाच सातवा हिस्सा लिहू गेल्यास ०.१४२८५७ असे सहा अंक अनंतापर्यंत फिरत राहतात. उलट तिघा भावांत एक पुडा वाटायचा झाला, तर तेवीस-तेवीस पाने देऊन एक पान उरतेच. रुपयाच्या १९२ पैंना मात्र तीनचा भाग सहज जातो. प्रत्येकास ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. पै हे नाणे तिसऱ्या हिश्शाचा प्रश्न सोडवीत होते.

नियम असा की, ज्या अपूर्णांकाच्या छेदातील सर्व मूळ अवयव पायाच्या अवयवांत असतात, तोच त्या पायावर संपतो. इतर सारे फिरत राहतात. १९५७ साली शंभर नव्या पैशांचा रुपया आला तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले आणि दुकानादुकानांत रूपांतराचे तक्ते टांगावे लागले. चार आण्यांचे पंचवीस पैसे बिनचूक होत. तीन आण्यांचे मात्र पावणेएकोणीस.

लेखनाचे गुण आणि संख्येचे गुण

पाया बदलल्यावर कोणते गुण टिकतात आणि कोणते गळून पडतात, हा प्रश्न गणिताच्या अभ्यासकांस फार प्रिय आहे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात त्यांनी दशमान पद्धतीच्या २४ स्थानांची नावे दिली आणि गुणाकाराची अशी उदाहरणे योजिली की उत्तर कंठ्यातील मण्यांसारखे दोन्ही बाजूंनी सारखे यावे. १५२२०७ ला ७३ ने गुणिले की आठ वेळा एक येतो. १४२८५७१४३ ला ७ ने गुणिले की दोन टोकांस एक आणि मध्ये आठ शून्ये. एकपासून सहापर्यंत चढून पुन्हा एकपर्यंत उतरणारी १२३४५६५४३२१ ही संख्याही त्या ग्रंथात आहे; ती १११११११ नव्हे, तर सहा वेळा एक लिहून होणाऱ्या १११११ १ या राशीचा, म्हणजेच १,११,१११ चा वर्ग आहे.

यांतील पहिली दोन उदाहरणे दहाच्या पायाची लेकरे आहेत; हेच अंक दुसऱ्या पायावर मांडून गुणिले तर कंठा तुटतो. तिसरे मात्र जवळजवळ सर्वत्र टिकते. त्याचे कारण, या वर्गात कोणत्याही घरात सहाहून मोठा अंक येत नाही, त्यामुळे हातचा घेण्याची वेळच येत नाही. पाया सात किंवा त्याहून मोठा असेल तर हा कंठा अभंग राहतो. लहान प्रमाणावर पाहायचे तर ११ चा वर्ग १२१. आण्यांच्या हिशेबात एक रुपया एक आणा म्हणजे १७. त्याचा वर्ग २८९, आणि तो सोळाच्या पायावर पुन्हा १, २, १ असाच लिहिला जातो. एक पुडा एक पान म्हणजे ७१. त्याचा वर्ग ५०४१, म्हणजे ४९०० अधिक सत्तराची दुप्पट अधिक १. पुन्हा तेच १, २, १.

या वाटेवर महाराष्ट्रातील आणखी एक नाव आवर्जून घ्यावे लागते. देवळालीच्या शाळेत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी कोणत्याही मोठ्या विद्यापीठाच्या आश्रयाविना अंकांच्या गुणधर्मांचा आयुष्यभर शोध घेतला. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर प्रसिद्ध आहे. सर्व अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी. शेवटी ६१७४ येऊन थांबते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गाजलेल्या सदरात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि देवळालीचे हे शिक्षक जगास ठाऊक झाले.

तीन अंकी संख्यांसाठी हाच खेळ ४९५ वर थांबतो: ९५४ वजा ४५९ बरोबर ४९५. यातील अंकांकडे नीट पाहिले तर रचना उमगते. मधला अंक पायाहून एक कमी, शेवटचा अंक पायाचा निम्मा आणि पहिला त्या निम्म्याहून एक कमी. मग सोळाच्या पायावर हा स्थिरांक ७, १५, ८ असा असावा, आणि सत्तराच्या पायावर ३४, ६९, ३५. पडताळा घेणे कठीण नाही. सत्तराच्या पायावर उतरता क्रम ६९, ३५, ३४ म्हणजे ३,४०,५८४. चढता क्रम ३४, ३५, ६९ म्हणजे १,६९,११९. वजाबाकी १,७१,४६५, आणि ती पुन्हा ३४, ६९, ३५ अशीच लिहिली जाते. कोणत्याही सम पायावर हा नियम चालतो. कापरेकरांचे ४९५ दहाच्या पायाचे असले, तरी त्यामागचे रूप तेंदूच्या पुड्यातही वास करते.

काही गुण मात्र पायाला जुमानत नाहीत. ते संख्येचे स्वतःचे असतात. सत्तरचेच पाहा. तिला निःशेष भाग देणाऱ्या, तिच्याहून लहान संख्या सात: १, २, ५, ७, १०, १४ आणि ३५. यांची बेरीज ७४, म्हणजे सत्तराहून अधिक. मग यांतील काही निवडून नेमके सत्तर जमविता येतील का? त्यासाठी बेरजेतून चार कमी करावे लागतील. पण १ आणि २ मिळून तीनच होतात आणि पुढची संख्या पाच आहे. म्हणून ते अशक्य. भाजकांची बेरीज अधिक, तरीही नेमका मेळ अशक्य, अशी सर्वांत लहान संख्या सत्तर हीच आहे. अशा विक्षिप्त संख्यांवर बेन्कोस्की आणि एर्डोश या गणितज्ञांचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. दुसरा गुण याहून देखणा: १ पासून २४ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग मिळविले की ४९०० होतात, म्हणजे सत्तराचा वर्ग. एकचा अपवाद सोडता, अशी बेरीज पूर्ण वर्ग होण्याचा हा एकमेव प्रसंग आहे, हे १९१८ साली वॉटसन यांनी सिद्ध केले. हे ४९०० पुड्यांत मोजा, आण्यांत मोजा वा दहाच्या पायावर लिहा; सत्य ढळत नाही.

वही कोणाच्या हाती

हे सारे केवळ विरंगुळ्याचे गणित आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने गडचिरोलीच्या अलीकडच्या काळाकडे पाहावे. १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे पेसा नियम यांमुळे वनोपजाचा कारभार मोठ्या प्रमाणावर ग्रामसभांकडे आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक गावे त्या मार्गाने गेली. आज कित्येक ग्रामसभा तेंदूचे संकलन आणि लिलाव स्वतः करतात. पूर्वी दिवाणजीच्या पेटीत असलेली वही आता गावच्या समितीच्या कपाटात आहे, आणि शाळेत दहाच्या पायावर शिकलेली तरुण मुले-मुली ती सत्तराच्या पायावर लिहीत आहेत.

वही गावाच्या हाती येणे आणि वहीतील आकडा गावास कळणे या दोन पायऱ्या आहेत. पहिली कायद्याने चढविली; दुसरी अंकगणिताने चढावयाची आहे. फळीवर रोजचा हिशेब वाचून दाखविला जातो, तेव्हा पुडे आणि पाने यांच्या बेरजेतून एकुणसत्तरी वगळून ताळा पाहणारी एक व्यक्ती जरी तेथे उपस्थित असेल, तरी हातच्याची चूक त्याच संध्याकाळी सापडते. खरेदीदारासही त्यात लाभच आहे. कारण बरोबर मोजलेल्या मालावर तंटा होत नाही, आणि तंटा नसलेला व्यवहार पुढच्या हंगामात पुन्हा होतो.

व्यापारी घरांतील मुलांस संगणक आज बेरीज करून देतो. तो बेरीज करील, परंतु कोणत्या घरात हातचा सत्तरावर घ्यावयाचा आणि कोणत्या घरात शंभरावर, हे त्यास आधी कोणीतरी सांगावेच लागते. दिवाळीच्या सुटीत जुनी चोपडी उघडावी, रुपये-आण्यांची एखादी बेरीज पंधराच्या ताळ्याने तपासावी आणि मग तीच रीत तेंदूच्या पुड्यांस लावून पाहावी. पाया ओळखूनच मग आकडा मांडण्याची सवय एकदा हातास लागली, की ती पेढीवर, बाजारात आणि फळीवर सारखीच उपयोगी पडते.